तिकीट एकाचे, वैमानिक दुसऱ्याचा
विमान कंपन्यांचे विलीनीकरण आणि प्रादेशिक कंपन्यांकडे वळणारी उड्डाणे : वैमानिकांच्या चिंतेचा मागोवा

विशेष प्रतिनिधी

सातारा, सांगली : कराडची धावपट्टी आणि सांगलीजवळच्या कवलापूरची जागा यांवरील चर्चा अनेक वर्षे सुरू आहे. प्रत्यक्षात मात्र या दोन जिल्ह्यांतील प्रवाशाला विमान पकडायचे झाल्यास पुणे नाही तर कोल्हापूर गाठावे लागते. १९३९ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या विमानतळावर नियमित सेवेचे पुनरागमन झाले ते केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेमुळे, आणि तेही प्रामुख्याने लहान, प्रादेशिक कंपन्यांच्या विमानांनी. डिसेंबर २०१८ मध्ये अलायन्स एअरने हैदराबाद व बंगळुरूसाठी सेवा सुरू केली. कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूरच्या घोडावत उद्योगसमूहाची स्टार एअर ही कंपनी जानेवारी २०१९ मध्ये सेवेत आली. म्हणजे या भागातील प्रवाशाची विमानप्रवासाशी ओळखच मुळी प्रादेशिक कंपन्यांच्या विमानांतून झाली.

मोठी कंपनी आणि प्रादेशिक कंपनी यांच्यातील नाते प्रवाशाला फारसे जाणवत नाही. तिकीट मिळाले, विमान वेळेवर सुटले, की त्याचे काम झाले. वैमानिकांसाठी मात्र हे नाते म्हणजे नोकरी, बढती आणि सुरक्षितता यांचा प्रश्न आहे. दोन कंपन्या एकत्र येतात तेव्हा कोणते उड्डाण कोणाच्या वैमानिकांनी करायचे, याचा हिशेब नव्याने मांडला जातो. त्यात काही उड्डाणे कमी खर्चाच्या उपकंपनीकडे किंवा बाहेरच्या कंपनीकडे दिली जातात. जगभरातील वैमानिक संघटनांचा या पद्धतीवर आक्षेप आहे. त्याची कारणे समजून घेण्यासाठी या व्यवसायाची घडण आधी पाहावी लागते.

शिवशाहीचे उदाहरण

सातारा किंवा सांगली आगारातून पुण्याकडे जाणाऱ्यांना बाहेरून काम करवून घेण्याची ही पद्धत अनोळखी नाही. एसटी महामंडळाने २०१७ मध्ये शिवशाही सेवा सुरू केली तेव्हा काही गाड्या महामंडळाच्या स्वतःच्या होत्या, तर काही खासगी ठेकेदारांकडून किलोमीटरमागे ठरावीक दराने भाड्याने घेतलेल्या होत्या. भाड्याच्या गाडीत चालक ठेकेदाराचा असे आणि वाहक महामंडळाचा. गाडीवर नाव एसटीचे, तिकीटही एसटीचे; पण चालकाचा पगार, प्रशिक्षण आणि विश्रांती यांचा निर्णय ठेकेदाराकडे. एसटी कामगार संघटनांनी भाड्याच्या गाड्यांना विरोध केला तो याच मुद्द्यावर.

विमान वाहतुकीतही अशीच व्यवस्था आहे, फक्त तिला वेगळी नावे आहेत. केवळ विमान भाड्याने घेऊन ते आपल्या वैमानिकांकडून चालवण्याला 'ड्राय लीज' म्हणतात. विमान, वैमानिक, केबिन कर्मचारी, देखभाल आणि विमा हे सारेच दुसऱ्या कंपनीचे असेल तर ते 'वेट लीज'. विमान आणि वैमानिक दुसऱ्याचे, पण केबिन कर्मचाऱ्यांपैकी सर्व किंवा काही आपले असतील तर त्याला 'डॅम्प लीज' असे नाव आहे. भाड्याची शिवशाही ही या अर्थाने डॅम्प लीजचीच रस्त्यावरील आवृत्ती म्हणता येईल. याखेरीज 'कोडशेअर' हा प्रकार आहे. त्यात एका कंपनीच्या उड्डाणावर दुसरी कंपनी आपला क्रमांक लावून तिकिटे विकते.

ज्येष्ठता यादीचे महत्त्व

बँकेतील अधिकारी किंवा अभियंता नोकरी बदलतो तेव्हा त्याचा अनुभव त्याच्याबरोबर जातो. वैमानिकाच्या बाबतीत अनुभव बरोबर जातो, ज्येष्ठता मात्र बहुधा मागे राहते. प्रत्येक मोठ्या विमान कंपनीत वैमानिकांची ज्येष्ठता यादी असते. सहवैमानिकाचा कमांडर केव्हा होणार, लहान विमानावरून मोठ्या विमानावर कोण जाणार, आणि मंदीच्या काळात आधी कोणाला घरी बसावे लागणार, या बाबी बऱ्याच अंशी त्या यादीतील क्रमांकावर ठरतात. नव्या कंपनीत गेलेला वैमानिक कितीही अनुभवी असला, तरी ज्येष्ठता काटेकोरपणे पाळणाऱ्या कंपन्यांत त्याला यादीच्या तळापासून सुरुवात करावी लागते.

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी किमान २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो, तर कमांडर होण्यासाठी आवश्यक असलेल्या परवान्याची अट १,५०० तासांची आहे. या दोन टप्प्यांमधील वर्षे सहवैमानिकाच्या आसनावर काढायची असतात. प्रशिक्षणासाठी अनेक कुटुंबांनी कर्ज काढलेले असते, त्यामुळे बढती दोन-चार वर्षांनी लांबणे हा केवळ प्रतिष्ठेचा विषय राहत नाही. त्यातच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये नोकरी सोडण्यापूर्वीची सूचना मुदत कमांडरसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिने अशी ठरवली. परिणामी, नाराज वैमानिकाला लगेच दुसरीकडे जाण्याची वाटही मोकळी नसते.

विलीनीकरणात दोन याद्यांची एक यादी करावी लागते. दहा वर्षे नोकरी झालेला एका कंपनीचा सहवैमानिक आणि पाच वर्षांत कमांडर झालेला दुसऱ्या कंपनीचा वैमानिक, यांत ज्येष्ठ कोण? या प्रश्नाला सर्वांना मान्य होईल असे उत्तर नाही. त्यावर आणखी काही मार्ग यादीबाहेरच्या कंपनीकडे गेले, तर यादीतील प्रत्येकाची बढती तेवढी मागे सरकते. वैमानिकांच्या चिंतेचे मूळ येथे आहे.

२००७ : एका वर्षात तीन सौदे

भारतात २००७ हे वर्ष विमान कंपन्यांच्या एकत्रीकरणाचे ठरले. केंद्र सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या आपल्या दोन कंपन्या एकत्र केल्या. जेट एअरवेजने एअर सहारा सुमारे १,४५० कोटी रुपयांना विकत घेऊन तिचे 'जेटलाइट' असे नामकरण केले. विजय मल्ल्या यांच्या किंगफिशरने कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला आणि पुढे ती 'किंगफिशर रेड' झाली. जेट आणि किंगफिशर या दोन्ही समूहांत त्यानंतर एकाच छताखाली महागडी आणि स्वस्त अशा दोन सेवा नांदू लागल्या.

यांपैकी एकाही सौद्याचा शेवट अपेक्षेप्रमाणे झाला नाही. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली ती पुन्हा उडालीच नाहीत. जेट एअरवेजच्या शेकडो वैमानिकांनी सप्टेंबर २००९ मध्ये, संघटना स्थापन करणाऱ्या सहकाऱ्यांना काढून टाकल्याच्या निषेधार्थ, सामूहिक आजारपणाची रजा घेतली होती. मुंबईत मुख्यालय असलेली ही कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली.

एअर इंडियातील दोन संप

सरकारी कंपन्यांच्या विलीनीकरणातील दुखणे अधिक खोल होते. कागदावर कंपनी एक झाली, परंतु वैमानिक दोन संघटनांत विभागलेलेच राहिले. पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक 'इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन'मध्ये होते, तर एअर इंडियाचे वैमानिक 'इंडियन पायलट्स गिल्ड'मध्ये. वेतन, उड्डाण भत्ते आणि बढतीचे नियम दोन्हीकडे वेगळे होते.

एप्रिल २०११ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या गटातील वैमानिकांनी समान वेतनासाठी संप पुकारला. तो सुमारे दहा दिवस चालला आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिटला. दोन्ही गटांचे सेवानियम जुळवण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मात्र पुढच्याच वर्षी, ८ मे २०१२ रोजी, दुसऱ्या गटाने संप सुरू केला. बोइंग ७८७ ड्रीमलायनर ही नवी विमाने येऊ घातली होती आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही पाठवण्याचे व्यवस्थापनाने ठरवले होते. आपल्या बढतीच्या जागा त्यामुळे जातील, अशी जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांची तक्रार होती. हा संप ५८ दिवस चालला. या काळात शंभरहून अधिक वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले आणि अनेक आंतरराष्ट्रीय उड्डाणे रद्द झाली.

या दोन संपांकडे अहंकाराचा झगडा म्हणून पाहिले गेले. तसे पाहणे अपुरे आहे. पहिल्या गटाची मागणी समान कामाला समान दाम ही होती, तर दुसऱ्या गटाला यादीतील आपली जागा सांभाळायची होती. दोन्ही प्रश्न विलीनीकरणाच्या दिवशीच सोडवायला हवे होते. ते पाच वर्षे लांबवल्याची किंमत प्रवासी, कंपनी आणि करदाते या तिघांनी मोजली.

वायुदूत ते अलायन्स एअर

प्रादेशिक उड्डाणांसाठी वेगळी कंपनी ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. लहान शहरे जोडण्यासाठी १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून 'वायुदूत' सुरू केली. तोटा वाढत गेल्याने १९९० च्या दशकात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. तिच्या कर्मचाऱ्यांना सामावून घेताना ज्येष्ठतेचा प्रश्न तेव्हाही उपस्थित झाला होता. १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सने अलायन्स एअर ही उपकंपनी काढली. सुरुवातीस जुनी बोइंग ७३७ विमाने चालवणारी ही कंपनी पुढे एटीआर जातीच्या पंख्यांच्या विमानांवर आली. एप्रिल २०१७ मध्ये 'उडान' योजनेतील सिमला-दिल्ली हे पहिले उड्डाणही तिनेच केले.

अलायन्स एअरच्या विमानांची तिकिटे अनेक वर्षे एअर इंडियाच्या नावाने आणि क्रमांकाने विकली जात होती. टाटा समूहाने ऑक्टोबर २०२१ मध्ये १८,००० कोटी रुपयांच्या बोलीवर एअर इंडिया जिंकली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी ताबा घेतला. या व्यवहारात एअर इंडिया एक्स्प्रेस टाटांकडे गेली, परंतु अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. एप्रिल २०२२ पासून तिची तिकिटे स्वतंत्र क्रमांकाने विकली जाऊ लागली. मूळ कंपनीच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे उड्डाणे केलेल्या वैमानिकांची वाट एका करारासरशी वेगळी झाली. मुख्य यादीबाहेर असण्याचा अर्थ काय, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

अमेरिकेतील धडा

या पद्धतीचा सर्वांत मोठा विस्तार अमेरिकेत झाला. तेथे मोठ्या कंपन्या लहान शहरांकडे जाणारी उड्डाणे प्रादेशिक कंपन्यांना कंत्राटाने देतात. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचे, वैमानिक मात्र कंत्राटी कंपनीचा. त्यावर उपाय म्हणून वैमानिक संघटनांनी आपल्या वेतन करारांत मर्यादेचे कलम घालून घेतले. किती आसनांपर्यंतची आणि किती विमाने बाहेर देता येतील, हे त्यात लिहिलेले असते. तेथील मोठ्या कंपन्यांच्या करारांत आता साधारणपणे ७६ आसने ही वरची सीमा आहे.

२०१० मध्ये युनायटेड आणि कॉन्टिनेंटल या कंपन्या एकत्र आल्या तेव्हा हे कलम कसोटीला लागले. कॉन्टिनेंटलच्या करारात प्रादेशिक जेट विमानांसाठी ५० आसनांची मर्यादा होती, तर युनायटेडकडे ७० आसनी विमाने बाहेर देण्याची मुभा होती. विलीनीकरणानंतर कॉन्टिनेंटलच्या केंद्रांवरून ७० आसनी विमाने सोडण्याचा बेत आखला गेला. वैमानिकांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि वर्षअखेरीस लवादाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. करारात लिहिलेली एक ओळ शेकडो नोकऱ्यांना कसा आधार देते, त्याचे हे उदाहरण ठरले.

दुसरा धडा अधिक वेदनादायी आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलो शहराजवळ एक विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. तिकीट कॉन्टिनेंटलच्या नावाचे होते, उड्डाण कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे. विमानाचा वेग धोकादायक पातळीपर्यंत घटल्याचा इशारा मिळाल्यावर कमांडरने उलट प्रतिक्रिया दिली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. मात्र चौकशी तेथे थांबली नाही. सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या पश्चिम टोकाकडील सिएटलहून प्रवास करून कामावर हजर झाली होती. प्रादेशिक वैमानिकांचा तुटपुंजा पगार, थकवा आणि प्रशिक्षणातील त्रुटी हे सारे देशासमोर आले. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केल्यावर २०१० मध्ये कायदा झाला. प्रवासी विमानाच्या सहवैमानिकासाठीही साधारणतः १,५०० तासांच्या अनुभवाची अट आली आणि प्रत्यक्ष उड्डाण कोणती कंपनी करणार, हे तिकीट विकतानाच सांगणे बंधनकारक झाले.

टाटांच्या छत्राखाली

भारतात विलीनीकरणाची दुसरी लाट २०२४ मध्ये आली. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्वीची एअरएशिया इंडिया ही एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही एअर इंडियात विलीन झाली. एकाच समूहात पूर्ण सेवा देणारी एक आणि स्वस्त दराची एक, अशा दोन कंपन्या राहिल्या.

विलीनीकरण पूर्ण होण्याआधीच असंतोष दिसू लागला होता. विस्ताराच्या वैमानिकांना पूर्वी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचे वेतन हमखास मिळे. नव्या करारात ही हमी ४० तासांवर आली. मार्च अखेर आणि एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला अनेक वैमानिक कामावर न आल्याने विस्ताराची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली. कंपनीला रोजची सुमारे २५ ते ३० उड्डाणे कमी करावी लागली. एअर इंडियातील निवृत्तीचे वय ५८ आणि विस्तारातील ६० हाही वादाचा मुद्दा होता. पुढे २०२५ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांसाठी ही मर्यादा ६५ वर्षांपर्यंत वाढवली.

दरम्यान, एअर इंडियाचे काही देशांतर्गत मार्ग समूहातीलच एअर इंडिया एक्स्प्रेसकडे वळवण्यात आले. मालक एकच असल्याने याला बाहेर काम देणे म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. परंतु दोन्ही कंपन्या आणि त्यांचे वैमानिक वेगवेगळे आहेत. एका कंपनीच्या वैमानिकाच्या दृष्टीने मार्ग गेला तो गेलाच.

इंडिगोमध्ये चिंतेचे स्वरूप निराळे आहे. तेथे विलीनीकरण नाही, पण लांब पल्ल्याच्या सेवेसाठी कंपनीने २०२३ पासून टर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ आणि २०२५ पासून नॉर्वेच्या नॉर्स कंपनीची बोइंग ७८७ विमाने वैमानिकांसह भाड्याने घेतली. नवी विमाने मिळण्यास विलंब होत असताना हा तात्पुरता मार्ग असल्याचे कंपन्या सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. मात्र तात्पुरती व्यवस्था किती काळ चालावी याला मर्यादा नसेल, तर भारतीय वैमानिकाला मोठ्या विमानाचा अनुभव मिळण्याची वेळ पुढे पुढे जात राहते.

कंपन्यांचे म्हणणे

दुसरी बाजूही विचारात घ्यायला हवी. सुमारे १८० आसनांचे विमान कोल्हापूरसारख्या शहरातून रोज भरणे कठीण. ७० आसनांच्या आसपासचे एटीआर किंवा तसेच लहान जेट विमान तेथे परवडते. मोठ्या कंपनीच्या वेतनश्रेणीत ते चालवले तर तिकिटाचा दर प्रवाशाला झेपणार नाही. प्रादेशिक कंपन्या नसत्या, तर अनेक लहान विमानतळांवर विमान उतरलेच नसते. नव्या वैमानिकांना पहिली संधीही बहुधा अशाच कंपन्यांत मिळते. सातारा-सांगलीच्या प्रवाशाला या कंपन्यांची गरज आहे, हे नाकारता येणार नाही.

शिवाय प्रादेशिक कंपनी म्हणजे कमी सुरक्षित असे समीकरण मांडणेही चुकीचे ठरेल. परवाना, वैद्यकीय तपासणी, उड्डाणाचे कमाल तास आणि विश्रांती यांचे नियम महासंचालनालय सर्वांसाठी ठरवते. प्रश्न उरतो तो नियमांच्या वरचा भाग कोण सांभाळणार, हा. नियमांपेक्षा अधिक प्रशिक्षण, थकव्याची तक्रार केल्यास संरक्षण, पुरेसे मनुष्यबळ या गोष्टी कंपनीच्या ऐपतीवर आणि इच्छेवर अवलंबून असतात. डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांना पुरेल एवढी वैमानिकांची तजवीज नसल्याने इंडिगोसारख्या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. जेथे मोठ्या कंपनीची ही स्थिती, तेथे तुटपुंज्या कंत्राटावर चालणाऱ्या लहान कंपनीवरील ताणाची कल्पना करता येते.

काय करता येईल

आजवरच्या अनुभवातून तीन गोष्टी पुढे येतात. विलीनीकरणाला मंजुरी देतानाच ज्येष्ठता यादी कशी तयार होणार आणि वाद झाल्यास लवाद कोण, हे ठरलेले असावे. अमेरिकेत २००५ मध्ये एकत्र आलेल्या यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांच्या वैमानिकांचा यादीचा वाद सुमारे दहा वर्षे रेंगाळला. लवादाचा निकाल येऊनही तो सर्वांनी मान्य केला नाही. दुसरे असे की, बाहेर द्यायच्या उड्डाणांची मर्यादा आणि मुदत करारात लिहिलेली असावी. प्रादेशिक कंपनीतील वैमानिकाला अनुभवानंतर मुख्य कंपनीच्या यादीत येण्याचा ठरलेला मार्ग असला, तर दोन्ही बाजूंची धास्ती बरीच कमी होईल. तिसरी गोष्ट प्रवाशाच्या हक्काची आहे. तिकीट कोणाचे आणि उड्डाण कोणाचे, हे पैसे भरण्यापूर्वी ठळक अक्षरांत दिसले पाहिजे.

ही माहिती आजही अनेकदा तिकिटावर असते, फक्त बारीक अक्षरांत. उड्डाण क्रमांकाखाली प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचे नाव दिलेले असते. पुणे किंवा कोल्हापूरहून निघणाऱ्या प्रवाशाने तेवढी ओळ वाचली, तरी विमानाच्या पुढच्या दोन आसनांवर बसलेल्या व्यक्ती कोणाच्या नोकरीत आहेत, हे त्याला कळेल.